मागच्या सालाचं घड्याळ

त्या दिवशी मी फोनवर नुसतं ‘हौ’ म्हटलं असतं, तर बालाघाटच्या बस स्टँडमागचं ते दुकान आज माझ्या नावावर असतं. मी जन्मभर सौदे केले. लांजीकडच्या खेड्यातून आलो तेव्हा जवळ काही नव्हतं. हातगाडीवर भंगार गोळा केलं, मग लिलावात उभा राहिलो, मोठ्या ठेकेदारांच्या तोंडचा माल ओढून आणला. घासाघीस करताना माझी जीभ कधी अडली नाही. ती एकदाच अडली, आणि ज्याच्यामुळे अडली त्याला मी अजून माफ केलेलं नाही. तो मेला आहे, तरीही.

तो माझा घरमालक. खाली माझं जुन्या विजेच्या सामानाचं दुकान, वर तो एकटा. विजेच्या खात्यात अधिकारी होऊन निवृत्त झालेला, लग्न न केलेला. गल्लीतले हिंदीवाले त्याला ‘घडीवाले साब’ म्हणत. मी तोंडावर काकाजी म्हणायचो आणि मनात म्हातारा. तो मला ‘शेठ’ म्हणे. त्या शब्दात आदर नव्हता. कालपर्यंत ज्याच्या पायात चप्पल नव्हती त्याला शेठ म्हणताना जी गंमत वाटते, तेवढीच होती.

म्हातारा बटण दाबून दिवा कधी स्वतः लावत नसे. विझवायचा मात्र स्वतः. संध्याकाळी मी शटर ओढायच्या बेतात असलो की जिन्यावरून हाक येई, ‘शेठ, वर ये बे जरा.’ वर गेलं की हा अंधारात खुर्चीवर बसलेला. चहूकडे एकदा नजर फिरवी आणि विचारी, ‘सगळे खाली आहेत ना?’

खोलीत आम्ही दोघंच. मी ‘हौ जी’ म्हणायचो.

‘मंग टाक.’

मी बटण दाबायचो आणि मनात शिव्या देत जिना उतरायचो. एकदा न राहवून म्हटलं, ‘काकाजी, बोट दुखते का तुमचं?’ त्यानं आपलं बोट उजेडात धरून नीट पाहिलं. ‘बोट ठीक आहे,’ म्हणाला, ‘पण टाकायच्या कामाचं नाही राह्यलं.’

दुसरी खोड बोलण्याची. त्याला काही सांगितलं की तो ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवी. त्यानं काही सांगितलं की समोरच्यानं परत म्हणायचं. भाजीवाली गल्लीत आली की वरून ओरडे, ‘बाई, पालक नको, मेथी पाहिजे. काय ऐकलं, सांगा.’ ती बिचारी ‘मेथी होना, पालक नहीं’ असं हिंदी-मराठीत म्हणे, तेव्हा हा पिशवी खाली सोडे. पुढे पुढे ती माझ्या दुकानासमोर थांबून वरच्या आवाजाची नक्कल करी आणि आम्ही हसायचो. खात्यात अशीच रीत असते, हे मला फार उशिरा कळलं. तिथं फोनवर एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं परत म्हणून दाखवल्याशिवाय कोणी कशाला हात लावत नाही.

आणि वेळ. त्याला कोणी किती वाजले विचारलं तर तो म्हणे, ‘कोणाचे?’ शाळेची घंटा, देवळातला भोंगा, बस स्टँडवरचं घड्याळ, सगळ्यांची वेळ वेगळी, आणि ती वेगळी आहे याचा त्याला राग येई. साधा राग नव्हे. चेहरा पांढरा पडे. मी म्हणायचो की मिनिटभर इकडे-तिकडे झालं तर कोणाचं काय बिघडते.

एका लिलावात मी एका सबस्टेशनचा जुना माल उचलला. केबल, पॅनल, जळकी यंत्रं. त्यातच एक चपटा लोखंडी डबा होता, समोर लाल आकड्यांची पट्टी, आणि त्याच्यासोबत कुत्र्याच्या छत्रीसारखा एक पांढरा गोळा, तारेला लावलेला. म्हातारा सहसा दुकानात उतरत नसे. त्या दिवशी उतरला. ढिगाकडे पाहिलं, डबा ओढून काढला आणि त्याच्या खालच्या कडेवर अंगठा फिरवला. तिथं पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता.

‘हा मीच बसवला होता,’ तो म्हणाला.

माणसाच्या डोळ्यात हाव दिसली की भाव चढवायचा, हा माझा धंदा. मी म्हटलं, याच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलंय. तो म्हणाला, मागची बंद पडवी तुला वापरायला देतो. ती पडवी मी किती वर्षं मागत होतो, आणि तो दर वेळी काहीतरी कारण काढत होता. मी डबा त्याच्या हातात दिला. जिना चढून तो वर गेला तेव्हा मला वाटलं, आज म्हाताऱ्याला कापला.

त्यानं गच्चीवर पाईप उभा केला आणि त्यावर तो पांढरा गोळा बसवला, चारी बाजूंनी आभाळ मोकळं दिसेल असा. तार खाली खोलीत आणली. ती आणताना तिची लांबी फुटपट्टीनं मोजत होता. मी विचारलं, लांबी कशाला?

‘वरून खाली यायलेही वेळ लागते, शेठ. तार किती लांब आहे हे या डब्ब्याले सांगा लागते. नाही सांगतलं तर तितका उशीर कायमचा.’

मग त्यानं मला सगळं समजावलं. मी फारसं विचारलं नव्हतं, पण त्या दिवशी त्याला बोलायचं होतं. वर फिरणाऱ्या प्रत्येक उपग्रहात एक घड्याळ असतं, माणसानं बनवलेल्या घड्याळांतलं सर्वांत खरं. तो उपग्रह सारखा ओरडत असतो की माझ्याकडे आत्ता इतके वाजले. डबा चौघांचं ऐकतो, कोणाचा आवाज किती उशिरा पोचला त्यावरून आपण कुठे आहोत ते काढतो आणि आपलं स्वतःचं स्वस्तातलं घड्याळ त्यांच्याशी जुळवून घेतो. एकदा जागा पक्की झाली की मग वेळेसाठी एकाचा आवाजही पुरतो. ‘फक्त आपण जागेवरून हलायचं नाही,’ म्हातारा म्हणाला. डब्याच्या मागे दोन भोकं होती. एकातून दर सेकंदाला एक ठोका निघतो, तो जगात सगळीकडे त्याच क्षणी पडतो. दुसऱ्यातून एक अखंड थरथर निघते, इतकी सारखी की बाकीची यंत्रं तिच्याशी आपला सूर लावतात. आभाळ झाकलं तरी डबा थांबत नाही. शेवटचं ऐकलेलं लक्षात ठेवून मोजत राहतो, थोडा थोडा चुकत.

‘तुह्या मोबाईलचा टॉवरही त्यायलेच विचारून चालते,’ तो म्हणाला.

‘पण विजेच्या खात्याले इतकं कशाले पाहिजे?’

‘वादळात दहा लाईनी बंद पडतात. जिथं तिथं यंत्र लिहून ठेवते का मी किती वाजता पडलो. घड्याळं जुळत नसली तर सांगता येते का पह्यले कोन पडलं? मंग सगळे तेच विचारतात. पह्यले कोन.’

तेवढ्यात डब्यावर हिरवा दिवा लागला आणि लाल आकडे स्थिर झाले. वेळ माझ्या मोबाईलशी सेकंदासकट जुळत होती. वारही बरोबर. साल मात्र एकोणीस-वीस वर्षं मागचं, आणि महिनाही भलताच.

मला हसू आलं. खात्यानं हा डबा भंगारात का काढला ते आता कळलं. म्हातारा हसला नाही. त्याला हे आधीच माहीत होतं.

‘उपग्रह साल सांगतच नाही,’ तो म्हणाला. ‘आठवडे मोजते फक्त. हजारावर चोवीस झाले का पुन्हा शून्यापासून. जुन्या राजदूत फटफटीचा मीटर कसा फिरून येते, तसा. नव्या डब्ब्याले समजते का एक फेरा होऊन गेला. जुन्याले नाही समजत. त्याले वाटते आपण अजून तिथंच आहो.’

‘तुमच्यासारखं,’ मी म्हटलं.

माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, ‘आठवडे पूर्ण मोजते, म्हून वार चुकत नाही. फक्त साल मागचं.’

त्यानंतर म्हातारा त्या डब्याच्या तारखेनं राहू लागला. मे महिना नसताना मेचं बोले, आम्ही स्वेटर घालायला काढले तेव्हा हा उन्हाची तयारी करी. एकदा म्हणाला, लामत्याला छोट्या गाडीनं जाऊन येऊ. ती अरुंद रुळांची गाडी बंद होऊन, रूळ उखडून, मोठी लाईन पडून किती काळ लोटला होता. घरमालक आहे, वेडा झाला तर झाला, आपलं भाडं वाढवत नाही ना, असा माझा हिशेब.

पण एका रविवारी वर गेलो तर टेबलावर चहाचे दोन कप होते. दोन्हींच्या तळाशी चहाचा गाळ. घरात कोणी आलेलं मी दुकानातून पाहिलं नव्हतं, आणि जिना माझ्या दुकानाच्या दारातूनच जातो.

‘कोण आलं होतं, काकाजी?’

‘भाऊ येते ना सुट्टीच्या दिवशी,’ तो म्हणाला आणि कप धुवायला घेऊन गेला.

त्याला भाऊ असल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

दिवाळीनंतर बूट-चपलांच्या शोरूमचा एक मालक म्हाताऱ्याकडे खेपा घालू लागला. त्याला अख्खी इमारत हवी होती. मी दोन रात्री झोपलो नाही. त्या जागेवर माझं नाव झालं होतं. जंगलातल्या खेड्यातला माणूस बालाघाटला आला की मोटार नाहीतर पंप घेऊन सरळ माझ्याकडे येई. तिसऱ्या दिवशी मी वर गेलो आणि म्हटलं, दुकानापुरती जागा मला द्या, तुमची अट सांगा. घासाघिशीची सगळी तयारी करून गेलो होतो. म्हाताऱ्यानं भावाचं नावच काढलं नाही. मग तो डब्याकडे पाहत म्हणाला, ‘भावाची गोष्ट सांगतो.’

भाव म्हणजे किंमत, असं मी धरून चाललो होतो. तो माणसाबद्दल बोलत होता.

लहान भाऊ. यानंच खात्यात लावून दिलेला. डबा दाखवत होता त्याच साली, मे महिन्यात, पावसाळ्याआधीची कामं चालू होती. लामता रोडवरच्या एका टॉवरवर भाऊ नट-बोल्ट कसायला चढला होता. लाईन बंद होती. म्हातारा इकडे सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये. खात्याचा नियम असा की चढण्याआधी ज्यानं परवानगी घेतली त्यानंच खाली उतरून, स्वतःच्या तोंडानं ती परत करायची. दुसऱ्याच्या तोंडानं चालत नाही. त्या सकाळी ऊन चढायच्या आत सगळ्यांना घरी जायचं होतं. फोनवर दुसराच कोणी बोलला, ‘सगळे उतरले.’ म्हाताऱ्यानं विचारलं, ‘सगळे?’ तो म्हणाला, ‘हौ.’ म्हाताऱ्यानं त्याचं वाक्य परत म्हणून दाखवलं आणि लाईन चालू केली.

भाऊ वरच होता.

‘माह्याकडच्या घड्याळानं फोन पह्यले, लाईन मंग,’ म्हातारा म्हणाला. ‘त्यायच्याकडच्या घड्याळानं लाईन पह्यले, फोन मंग. दोन घड्याळांत काही मिनिटांचा फरक. चौकशीवाल्यांनी शेवटी म्हटलं, घड्याळं जुळत नाहीत, काही सांगता येत नाही. दोघंही सुटलो. तो फोनवाला पिऊन पिऊन मेला. मी राह्यलो.’

‘तुम्हाले तर माहीत असन, काकाजी. फोन ऐकूनच टाकलं ना तुम्ही?’

‘तेव्हा माहीत होतं,’ तो म्हणाला. ‘इतक्यांदा विचारलं लोकायनं का आता नाही माहीत.’

पुढे खात्यानं उपग्रहाची घड्याळं आणली, आणि पहिलं घड्याळ यानंच बसवलं. तोच हा डबा. भावाची मुलगी तेव्हा अगदी लहान होती. आता गोंदियाला मास्तरीण आहे, सणावाराला येते, फार बोलत नाही.

मग त्यानं अट सांगितली. भाऊ गेला ती तारीख डब्यावर येत होती, आपल्या जानेवारीत. त्या सकाळी मी त्या टॉवरखाली उभं राहायचं. तो फोनवर विचारेल. मी जे असेल ते सांगायचं.

‘तू म्हणशील का उतरला, तर मी माह्या हातानं बटण टाकीन. दिवा लागन. मंग खाली येऊन तुह्या कागदावर सही करीन.’

‘आणि नाही म्हटलं तर?’

‘तर थांबीन.’

‘किती?’

‘तो उतरेस्तोर.’

मी जिना उतरलो तेव्हा आनंदानं माझे पाय जमिनीला लागत नव्हते. चालू लाईनच्या टॉवरवर जानेवारीत कोण चढणार? नुसतं ‘हौ’ म्हणायचं होतं, रोज संध्याकाळी म्हणत होतो तसं. इतका सोपा सौदा मी कधी केला नव्हता. वकिलाकडून कागद करून घेतले आणि शोरूमवाल्याला गल्लीत गाठून चार गोष्टी सुनावल्या.

त्या सकाळी धुकं असं होतं की मोटारसायकलचा दिवा पुढच्या चाकापलीकडे जात नव्हता. लामता रोडवर म्हाताऱ्यानं सांगितलेल्या पुलाशी गाडी लावली आणि बांधावरून आत गेलो. धान कापलेलं, खुंट ओले. टॉवरचे चार पाय दिसले, कवटीचं चित्र असलेली पाटी दिसली, आणि त्याच्या वर काहीच नाही. नुसतं पांढरं. वर कुठेतरी तारा चरचरत होत्या. धुक्यात त्या तशा चरचरतात, कढईत पाणी पडावं तशा. म्हणजे लाईन चालू होती. मी मनात म्हटलं, चला, हे एक बरं.

फोन वाजला. वेळ माझ्या मोबाईलवर आणि त्याच्या डब्यावर एकच होती, सेकंदासकट. फरक फक्त सालाचा. ही गोष्ट त्यानं मला कधी समजावली नसती तर बरं झालं असतं, कारण फोन कानाला लावताना तीच डोक्यात आली.

‘शेठ, टॉवरखाली आहे?’

‘आहे जी.’

‘काय ऐकलं, सांग.’

‘टॉवरखाली आहे का विचारलं तुम्ही. आहे.’

‘सगळे उतरले का?’

मी तोंड उघडलं. तेवढ्यात वर लोखंडावर काहीतरी टणकन वाजलं, पुन्हा खाली वाजलं, आणि माझ्या पायाशी खुंटांत येऊन पडलं.

नट होता. वाकून उचलला. मी भंगाराच्या धंद्यात केस पांढरे केले आहेत, नट मला दाखवावा लागत नाही. जस्ताचा मुलामा कोरा, चकचकीत. इतक्या पावसाळ्यांनंतर टॉवरवरचा नट असा राहत नाही. पण ते नंतर सुचलं. तेव्हा एवढंच कळलं की तो कोमट आहे. माझे हात गारठून लाकूड झाले होते, आणि हा कोणाच्या तरी मुठीतून आत्ताच सुटावा तसा कोमट.

‘शेठ?’

मी वर पाहिलं. पांढरं. त्या चरचरीच्या आत आणखी एक आवाज होता. पान्हा नटावर बसतो, अर्धा फेरा फिरतो, सुटतो, पुन्हा बसतो. काम करणारा माणूस मधे दम खातो, तसा तो आवाज मधे थांबत होता.

‘काकाजी, वर दिसत नाही.’

‘दिसत नाही, का नाही आहे?’

मी दुकान डोळ्यांपुढे आणलं. पाटी, शटर, पडवी. खिशातले कागद चाचपले. ‘हौ’ म्हणायला तोंड उघडलं आणि दुसरंच निघालं.

‘वर कोणीतरी आहे.’

मग म्हाताऱ्याचा आवाज आला, खात्यातल्यासारखा, एकेक शब्द सुटा. ‘वर कोणीतरी आहे. बरोबर?’

‘बरोबर.’

‘मंग मी थांबतो.’

खुर्ची करकरली. तो उठून बटणापाशी उभा होता आणि आता परत बसला, हे मला इतक्या लांबून दिसल्यासारखं कळलं.

ऊन वर आल्यावर धुकं फाटलं. टॉवरवर एक कोतवाल पक्षी बसला होता, दुसरं काही नाही. परतताना सबस्टेशनच्या गेटवर चौकशी केली. चौकीदार म्हणाला, ‘इस लाइन पे तो दिवाली के बाद से कोई चढ़ा ही नहीं.’ आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीला किक मारून निघालो.

दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. एक नट पडतो, आणि माणूस आपलं दुकान सोडून देतो! दुसऱ्या सकाळी ठरवून वर गेलो की आत शिरल्या शिरल्या सांगायचं, उतरला, मी डोळ्यांनी पाहिला, करा सही.

खोलीत अंधार होता. आदल्या संध्याकाळी त्यानं मला दिव्यासाठी हाक मारली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. म्हाताऱ्यानं दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. डब्याच्या लाल उजेडात त्याचा चेहरा दिसत होता. इतकी वर्षं पाहिलेला चेहरा तो नव्हता. कोणीतरी ओझं उतरवून ठेवल्यासारखा.

‘पाह्य,’ तो डब्यावरच्या तारखेकडे बोट दाखवून म्हणाला. ‘हा दिवस त्याले भेटलाच नव्हता. आज भेटला.’ मग माझ्याकडे वळला. ‘उतरला का?’

कागद माझ्या हातात होते.

‘नाही जी,’ मी म्हटलं. ‘काम चालू आहे.’

‘काम चालू आहे,’ त्यानं परत म्हटलं. ‘असू दे. घाई नको करू त्याले.’

मग हे रोजचं झालं. सकाळी शटर उघडायच्या आधी मी वर जायचो, तो विचारायचा, मी तेच सांगायचो आणि खाली येऊन दिवसभर गिऱ्हाइकांवर भडकायचो. एकदा म्हटलं, ‘काकाजी, तो उतरन तेव्हा उतरन, सही तर आज करून ठेवा.’ म्हातारा दुखावला. ‘काम व्हायच्या आधी सही करत नसतात, शेठ. त्याच्यानंच तर झालं सगळं.’ मी कागद घडी करून खिशात घातले. त्यांची घडी आता फाटायला आली होती. त्या खोलीत पुन्हा दिवा लागला नाही. रविवारी टेबलावर दोन कप असायचे. दुसऱ्या कपाकडे मी पाहत नसे.

उन्हाळ्यात, आपल्या उन्हाळ्यात, एका सकाळी मी वर गेलो तर त्यानं विचारलं नाही. खुर्चीतच गेला होता. तोंड बटणाच्या दिशेला, हात मांडीवर. डबा चालू होता.

पुतणी गोंदियाहून आली. तेरवी होईतोवर मी तोंड बंद ठेवलं, मग विषय काढला. तिनं कागद पाहिले आणि म्हणाली, यावर काकांची सही नाही. मी गल्लीत उभा राहून तिला नाही नाही ते बोललो. तिनं इमारत शोरूमवाल्याला विकली. आज तिथं काचेआड चपला आहेत, आणि मी हट्टा रोडला एका खोलीत दुकान मांडून बसलो आहे. जुनी गिऱ्हाइकं वाट चुकतात. डबा मी उचलून आणला, कोणी विचारलं नाही. फळीवर आहे. विकायला ठेवलेला नाही.

या थंडीत एका सकाळी पुतणी आली. धुकं होतं, दुकानात अंधार होता, मी शटर अर्धंच वर केलं होतं. वाकून आत आली. मला वाटलं डबा मागायला आली असेल, आणि मी भांडायला सरसावलो. ती उभीच राहिली.

‘मागच्या जानेवारीपासून काका मले दर रविवारी फोन करत होते,’ ती म्हणाली. ‘तुझा बाप वर आहे म्हणत, मी लाईन नाही टाकली म्हणत. तुम्ही त्यायले रोज सांगत होते म्हणे. खोटं काहून सांगतलं तुम्ही?’

मला राग आला. म्हटलं, खोटं सांगायचं असतं तर दुकान घेतलं असतं, बाई. खोटं ‘हौ’ होतं. मग सांगून टाकलं सगळं. पूल, धुकं, पान्ह्याचा आवाज. ती ऐकत होती, मास्तरणी ऐकतात तशी, मधे न बोलता. विश्वास बसला का नाही, कळलं नाही. मी गल्ल्याचा खण उघडला. तो नट तिथं वर्षभर पडून होता, पत्र्यावर, बर्फासारख्या गार खणात. मी फडक्यात धरून काढला, हात न लावता, आणि तिच्यापुढे धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला काही भाव न सांगता दिलं.

तिनं तो तळहातावर घेतला, मूठ मिटली.

‘कोमट आहे,’ ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं मूठ पदराखाली घेतली, वाकून बाहेर पडली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. दुकानाचं मी तिला काही बोललो नाही. त्याचा राग अजून आहे, तो राहणार.

शेजारी एक पंक्चरवाला बसतो. ती गेल्यावर मी त्याला हाक मारली. तो रोजच्यासारखा हसत आला आणि दिव्याच्या बटणापाशी जाऊन उभा राहिला. मी दुकानात चहूकडे एकदा पाहिलं, वर पत्र्याकडे पाहिलं, आणि मग त्याला म्हटलं, ‘टाक.’